रात्री अकराचा हॉल

आत्याच्या घरी हॉलचं काम काढायचं ठरलं तेव्हा माझ्या हातात पहिला कागद पडला तो एका ठेकेदाराच्या कोटेशनचा. आकडा होता २ लाख १० हजार. फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे लाकडी पट्ट्या, एल आकाराचा सोफा, एका भिंतीला वॉलपेपर. सोबत संगणकावर काढलेलं रंगीत चित्र. चित्रातला हॉल देखणा होता, पण त्यात कुणी झोपत असेल असं वाटत नव्हतं. एक उशीही कुठे दिसेना.

आत्याच्या हातात होते ७५ हजार, नुकत्याच मुदत संपलेल्या ठेवीचे. मी साइटवर मोजमापं आणि बिलं बघणारा माणूस, इंटिरिअर हा माझा धंदा नव्हे. पण नातेवाइकांत 'त्याला त्यातलं कळतं' एवढी ख्याती पुरते.

घर डोंबिवली पूर्वेला. १९९३ची चार मजली इमारत, लिफ्ट नाही, तिसरा मजला, वन बीएचके. हॉल १० बाय १५ फूट, उंची साडेनऊ फूट. बेडरूममध्ये आतेभाऊ, वहिनी आणि चौथीतली पुतणी. हॉलमध्ये आत्या आणि काका. आत्याचे गुडघे गेलेले, म्हणून ती फोल्डिंगच्या खाटेवर आणि काका खाली गादी घालून. या मांडणीला आता अकरा वर्षं झाली होती.

वहिनींच्या मोबाइलमध्ये एल आकाराच्या सोफ्यांचे फोटोच फोटो. त्यातला एक ४८ हजारांना ठरल्यात जमा होता. आत्याला दिवाण हवा होता. काकांचं एकच म्हणणं, "माझा पेपर वाचायचा कोपरा हलवू नका, बाकी काय ते करा."

मी आधी सोफ्याचंच बघितलं. साडेआठ बाय सहा फुटांचा तो सोफा जमिनीवर मांडला, म्हणजे जुने पेपर अंथरून सेलोटेपने चिकटवले आणि सांगितलं, दोन दिवस यावर पाय द्यायचा नाही, हा सोफा आहे असं समजून वावरायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींचाच फोन आला. स्वयंपाकघराकडे जायला १९ इंच उरत होते. चहाचा ट्रे घेऊन सरळ जाता येईना, आडवं होऊन जावं लागत होतं. "आणि रात्री आईंची खाट कुठे टाकायची ते कळेना," त्या म्हणाल्या. मग आत्याने खाट त्या पेपरांवरच टाकली होती. सोफा पहिल्याच रात्री मोडीत निघाला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आम्ही सगळे संध्याकाळी पाच वाजताचा हॉल सजवायला निघालो होतो, पाहुणे येतात तेव्हाचा. पाहुणे महिन्यातून दोनदा येत असतील. झोपायचं रोज असतं. म्हणून जुलैच्या शेवटी एका शनिवारी मी तिथेच मुक्काम केला, टेप आणि वही घेऊन.

त्या रात्रीची वही अजून माझ्याकडे आहे. १०.४० : टीपॉय उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी. लाकडी सोफासेटच्या एका खुर्चीवर दुसरी उपडी. १०.५० : बेडरूममधून वळकट्या बाहेर; दोन गाद्या, तीन उशा, दोन रजया. दिवसभर त्या पुतणीच्या अभ्यासाच्या टेबलाखाली असतात, म्हणून तिचे पाय सरळ होत नाहीत. १०.५५ : खाट उघडली. शोकेसचा खालचा दरवाजा तिच्यामागे अडकला आणि काकांच्या रात्रीच्या गोळ्या त्याच कप्प्यात. खाट परत मिटली, गोळ्या काढल्या, परत उघडली. ११.०५ : ट्यूबचं बटण मुख्य दाराशी, खाटेपासून चौदा फुटांवर. आत्या उठली, बटण बंद केलं आणि अंधारात भिंत चाचपत परत आली. दीड वाजता काका उठले आणि पायाचं बोट टीपॉयला आपटलं. पहाटे साडेपाचला आतेभाऊ लोकल गाठायला निघाला, तो बूट हातात घेऊन, आईवडिलांच्या मधल्या फटीतून.

दोन लाखांच्या त्या चित्रात यातलं एकही दुखणं बरं होत नव्हतं.

सकाळी पोहे खाताना मी नव्याने यादी मांडली. वळकट्यांना दिवसा जागा हवी. उशाशी बटण हवं. दोघांना झोपायला जमिनीपासून अठरा इंच उंची हवी, म्हणजे गुडघे न दुमडता उठता येईल. चालायला सलग अडीच फूट मोकळे हवेत. हे जमल्यावर पैसे उरले तर रंग आणि पडदे.

फॉल्स सीलिंग त्याच बैठकीत कटाप झालं. साडेनऊ फुटांत सात-आठ इंच गेले की पंखा डोक्याशी येतो, आणि दीडशे चौरस फुटांचे तेरा-चौदा हजार, शिवाय दिव्यांचा खर्च वेगळा.

मग शोकेस. सात फूट लांब, काचेची दारं, आत कपबश्या, आतेभावाच्या शाळेतल्या ढाली, लग्नाचे अल्बम. ती भिंतीपासून हलवली आणि सगळ्यांची तोंडं उतरली. मागे तीन बाय चार फुटांचा ओलीचा डाग. रंगाचे पोपडे सुटलेले, खाली पांढरा लोणा, शोकेसची पाठ कुजून बिस्किटासारखी झालेली. कुबट वास शोकेसचा आहे असं समजून आत्या वर्षानुवर्षं आत डांबराच्या गोळ्या ठेवत होती.

ओल खोलीतल्या दमटपणाची की भिंतीच्या पोटातून येणारी, हे कळायला साधा उपाय आहे. फूटभर प्लॅस्टिकचा चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद करायचा आणि दिवसभर ठेवायचा. थेंब बाहेरच्या बाजूला धरले तर हवेतला दमटपणा, आत धरले तर पाणी भिंतीतून येतंय. आमच्याकडे आतली बाजू दुसऱ्या दिवशी घामाने डबडबलेली होती. गच्चीवरून वाकून बघितलं तर त्याच भिंतीवरून पावसाच्या पाण्याचा पाइप उतरत होता, त्याचा एक जोड निखळलेला आणि शेजारच्या भेगेत पिंपळाचं हातभर रोप.

सोसायटीच्या सेक्रेटरींचं पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणेच : "घरातली ओल म्हणजे तुमचा खर्च." तसं नसतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये बाहेरच्या सामाईक पाइपमुळे आणि पावसाच्या पाण्यामुळे होणारी गळती दुरुस्त करणं हे संस्थेच्या खर्चाच्या कामांत येतं. वरच्या मजल्यावर गच्चीतून गळून छताचा गिलावा खराब झाला तर तोही. बरीच कुटुंबं हे माहीत नसल्याने दर दोन वर्षांनी आतून पुट्टी मारत राहतात. आम्ही भांडलो नाही. फोटो लावून रीतसर पत्र दिलं, पोच घेतली. काका बँकेतून निवृत्त, त्यांना पत्राची भाषा येते. पाचेक आठवड्यांत बाहेर झोपाळा (दोरांना टांगलेली फळी) टाकून पाइपचा जोड बदलला, पिंपळ मुळासकट काढला, भेग भरली. हा खर्च आम्ही भरला असता तर ७५ हजारांतला मोठा लचका तिथेच गेला असता.

पण २०२४चे गणपती ७ सप्टेंबरला होते आणि भिंत ओली. धंद्यातला नियम असा की भिंत आधी, लाकूड नंतर, कापड शेवटी. रंगारी आणि गवंडी दोघांनीही हात वर केले : भर पावसात ओल्या भिंतीवर पुट्टी भरली तर दिवाळीला पोपडे झाडूने गोळा करा. म्हणून क्रम उलटा केला. गणपतीआधी वायरिंग आणि दिवाण, गणपतीनंतर भिंत. ओलीचा डाग मखराने झाकायचा. मखर त्याच भिंतीशी उभं राहिलं आणि आरतीला आलेल्यांपैकी कुणालाही काही दिसलं नाही.

दिवाण हाच या प्रकरणातला मोठा खर्च, म्हणून त्यावर डोकं जास्त चाललं. एक मोठा दिवाण घेतला तर दोघांना पुरत नाही. सोफा-कम-बेड रोज ओढायचा आणि ढकलायचा, आत्याला झेपणार नाही. आत्या सहज म्हणाली, "अरे, दोन छोटे घेतले तर?" कागदावर मांडून बघितलं. एक लांब भिंतीला, एक खिडकीखाली, कोपऱ्यात काटकोनात. दिवसा वहिनींचा एल आकार, रात्री दोघांच्या दोन खाटा. वहिनींनी कागद उलटसुलट करून बघितला आणि मोबाइल खाली ठेवला.

मापं अशी : लांबी ७५ इंच, रुंदी ३० इंच, पेटी १४ इंच उंच, वर चार इंचांची गादी. तीस इंच खोलीवर टेकून बसलं की पाय लोंबकळतात. पण मागे नऊ इंचांचे तक्के ठेवले की बसायला एकवीस इंच उरतात, जे अगदी बरोबर. रात्री तक्के खाली ठेवायचे. तयार दिवाण बहुधा सहा बाय तीनचे असतात, म्हणून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका कारखान्याकडून मापाने बनवून घेतले. तिथे एकच हट्ट धरला, कापलेली कड दाखवा. वरून सनमायका लावला की प्लायवूड आणि भुशाचा दाबलेला बोर्ड सारखेच दिसतात. कडेला प्लायचे थर मोजता येतात, बोर्डाचा नुसता भुसा दिसतो. पहिल्या दोन दुकानांत कड दाखवायला टाळाटाळ झाली. तिसऱ्याने तुकडा आणून हातात दिला. १८ एमएमचं साधं प्लाय, पाण्याशी संबंध नसल्याने मरीन ग्रेडचे जास्तीचे पैसे घातले नाहीत. प्रत्येकी ११,५०० आणि टेम्पो धरून तीन जिने चढवायची हमाली १,८००.

सामान ठेवायला वरची फळी उचलायची सोय नको म्हटलं, कारण त्यासाठी रोज गादी हलवावी लागते. पुढून चाकांचे ड्रॉवर केले, प्रत्येक दिवाणाला दोन. आणि इथे मी माती खाल्ली. दोन्ही दिवाणांची चित्रं वेगवेगळ्या कागदांवर काढली होती, दोन्ही चोख. एकत्र मांडणीच्या कागदावर मात्र नुसते चौकोन होते, ड्रॉवर दाखवलेच नव्हते. दिवाण घरात आले, काटकोनात लावले, आणि लांब भिंतीच्या दिवाणाचा कोपऱ्यातला ड्रॉवर उघडायला गेलो तर समोर खिडकीखालच्या दिवाणाची बाजू. चार इंच बाहेर येऊन ठक्क. कोणी काही बोललं नाही. काकांनी पेपर जरा वर धरला.

गाद्यांवर मात्र मी खूश आहे. फोमच्या नव्या गाद्यांचे भाव काढले होते, पण घरात कापसाच्या तीन जुन्या गाद्या होत्या, आत्याच्या लग्नानंतरच्या. गठुळ्या झालेल्या, पण कापूस चांगला. पिंजाऱ्याकडे दिल्या. कापूस पिंजून, उन्हं दाखवून नव्या मापाच्या दोन गाद्या भरल्या आणि उरलेल्यात चार तक्के झाले. दोन गाद्यांचे २,८००, तक्क्यांचे १,४००. खोळींसाठी वहिनींनी मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून १४ मीटर जाडसर कापड आणलं, १८० रुपये मीटर, शिलाई १,६००. पडदे त्याच फेरीत. सहा फुटी रॉडला दुप्पट चुणी हवी म्हणून ४८ इंच पन्ह्याचे तीन पडदे पुरे झाले, रॉड-शिलाईसकट सव्वादोन हजारांत. दुकानदार चार घ्या म्हणत होता.

शोकेस भंगारात द्यायला आत्या तयार नव्हती आणि तिचं बरोबर होतं. पाठ गेली होती, पण खालचं अर्धं सागवानी चौकटीचं, टणक. सुताराने अडीच दिवसांत वरचा काचेचा मजला उतरवला, खालच्या भागाचं पाच फुटांचं बसकं कपाट केलं, नवा सनमायका चढवला. त्यावर टीव्ही. भिंतीवर सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि चार्जरचे पॉइंट दिले, त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्डचं जाळं गेलं. ढाली आतेभावानेच पिशवीत भरून माळ्यावर टाकल्या. साडेसहा हजार गेले. जुना सोफासेट शेजारच्या इमारतीतल्या एका शिकवणीवाल्या बाईंनी ४ हजारांना नेला, भंगाराचे ३५० आले.

वायरिंगसाठी भिंतीला झिरी मारून तोडफोड केली नाही; छताच्या कडेने केसिंग-कॅपिंग, म्हणजे वायर झाकणारी प्लॅस्टिकची पट्टी टाकली, रंगात ती दिसेनाशी होते. चोकवाली ट्यूब जाऊन २० वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या समोरासमोर आल्या, कारण एकाच भिंतीवर दिवा असला की बसणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्वतःचीच सावली पडते. रंग ना पिवळा ना निळसर पांढरा, मधला, ४००० केल्विनचा. वहिनींना हवा असलेला पिवळा उजेड काकांच्या कोपऱ्यातल्या ९ वॅटच्या दिव्यात मिळाला. ट्यूबचं बटण जिन्यात असतं तसं टू-वे केलं, एक दाराशी, एक आत्याच्या उशाशी. बाथरूमच्या वाटेवर जमिनीपासून फूटभर उंचीवर अर्ध्या वॅटचा दिवा. पंखा कमी विजेचा, बीएलडीसी घेतला. जुना पाऊणशे वॅट खायचा, हा तीसेक. सगळं मिळून ९,४००. या घरात सगळ्यात जास्त दुवा मिळाल्या त्या उशाजवळच्या बटणाला.

गौरी-गणपती १२ तारखेला गेले. गवंड्याने डागाभोवतीचा फुगलेला गिलावा विटेपर्यंत काढला, दोन दिवस तसाच उघडा ठेवून नव्याने केला. ३,२०० आणि राबिट, म्हणजे तोडफोडीचा कचरा, खाली नेऊन टाकायचे ८००. नंतर १८ सप्टेंबरपासून पितृपंधरवडा. आत्याच्या घरी त्यात नवी खरेदी होत नाही. पण रंगाऱ्यांना त्या दिवसांत काम नसतं, दसऱ्यापासून मात्र फोनही उचलत नाहीत. मी आत्याला म्हटलं, "रंग ऑगस्टमध्येच आणून ठेवलाय ना, मग खरेदी कुठली? ही डागडुजी." तिने क्षणभर विचार केला. "भिंत घासायला काही हरकत नाही," म्हणाली. छत धरून साडेपाचशे चौरस फूट, सामानासकट २२ रुपयांनी, १२,१०० झाले. दिवाळीतला दर त्याने स्वतःच २८ सांगितला होता.

नवा गिलावा असलेली भिंत तेवढी वगळली. तिला महिनाभर सुकू द्यायचं ठरलं होतं. २५ सप्टेंबरला मुंबई-ठाण्यात जो पाऊस कोसळला, लोकल ठप्प झाल्या, त्या रात्री आतेभाऊ ऑफिसातच अडकला होता आणि इकडे काका बॅटरी घेऊन भिंतीला हात लावून बघत होते. सकाळी त्यांचा मला मेसेज आला, दोनच शब्द : "भिंत कोरडी." ती भिंत रंगाऱ्याने जुन्याच दराने ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात केली. ऑगस्टमध्ये रंग आणण्याआधी त्यावरून आत्याचा पिस्ता आणि वहिनींचा राखाडी असा वाद झाला होता. दोन्हींचे दोन-दोन फुटांचे पट्टे खिडकीजवळ आणि दाराजवळ मारले. एकच खिडकी असलेल्या खोलीत दाराजवळचा राखाडी संध्याकाळी मळकट दिसायला लागला आणि पिस्ता दवाखान्यासारखा. शेवटी सगळीकडे मोतिया.

किरकोळ खिळे, चहा, रिक्षा, खुंट्या धरून १,४०० गेले. एकूण खर्च ६८,७७०, त्यातून विक्रीचे ४,३५० वजा, म्हणजे आत्याच्या ठेवीतले १० हजार ५८० शिल्लक. मी सुरुवातीलाच एक दशांश हातचा ठेवायला सांगितलं होतं, तो शाबूत राहिला, कारण शोकेसच्या मागच्या भिंतीने जो खड्डा पाडला असता तो संस्थेने भरला. हे नशीब म्हणा किंवा काकांचं पत्र. गच्चीवरून वाकून बघितलं नसतं तर माझं सगळं इस्टिमेट कोलमडलं असतं, हे मान्य करायला हवं.

त्या न उघडणाऱ्या ड्रॉवरसाठी मी माझ्या खिशातून सुतार पाठवायला तयार होतो. कड कापून झाकण वरून उघडेल असं करता आलं असतं. आत्या नको म्हणाली. दिवाळीला गेलो तर तिने खिडकीखालचा दिवाण काकांकरवी दोन फूट सरकवून तो ड्रॉवर उघडला होता, आत मखराचे पडदे, चौरंगाचं कापड, आरासाच्या माळा घडी करून ठेवल्या होत्या आणि दिवाण परत जागेवर ढकलला होता. "वर्षातून एकदाच तर लागतं," ती म्हणाली.